आधी सुटका, मग आज्ञा
(प्रस्तावना)

आपल्या मंडळ्यांतल्या मुलांना दहा आज्ञा तोंडपाठ असतात. संडे स्कूलच्या स्पर्धेत त्या क्रमाने म्हणून दाखवल्या की बक्षीस मिळते, टाळ्या पडतात. मग मूल मोठे होते, बाप्तिस्मा घेते, प्रभुभोजनाला बसू लागते, आणि तिथून पुढे आज्ञांचे नाव क्वचितच निघते. उपदेश कृपेवर होतो, आशीर्वादावर होतो, आजार बरे होण्यावर होतो, शेवटच्या काळाच्या चिन्हांवर होतो. आज्ञा मात्र बालवर्गातच राहून जातात. मोठ्यांनी त्या पुन्हा हातात घ्याव्यात, स्वतःच्या घराला आणि व्यवहाराला लावून पाहाव्यात, यासाठी पुढची पाने लिहिली आहेत.

ती लिहिताना डोळ्यांसमोर मावला आणि त्याच्या आसपासची गावे आहेत. आदिलाबाद शहराला लागून, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मावला आहे. २०१६ मध्ये तेलंगणात नवे जिल्हे आणि नवी मंडले झाली, तेव्हा ते स्वतंत्र मंडल झाले. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. पूर्वी हा सगळा टापू निजामाच्या राज्यात होता. किनवट आणि राजुरा हे तालुकेसुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते शेजारच्या राज्यात गेले आणि सोयरीक असलेली घरे दोन राज्यांत वाटली गेली. इथे तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी एकाच बाजारात ऐकू येतात. मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब रविवारी तेलुगू उपासनेला बसते आणि घरी मराठी पवित्र शास्त्र उघडते. उपदेश एका भाषेत ऐकायचा आणि वाचन दुसऱ्या भाषेत करायचे, यात ऐकलेले वाचलेल्याशी ताडून पाहणे बरेचदा राहून जाते. अशा घरांना हाताशी धरता येईल असे काही मराठीत असावे, ही इच्छा या लेखनामागे आहे.

विषयात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी, कारण ती सैल राहिली तर पुढचे सगळे वाकडे जाते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा येण्याआधी देव आपली ओळख करून देतो. मिसरच्या गुलामगिरीतून तुम्हाला बाहेर काढणारा तो मी, असे तो सांगतो. लोक तांबडा समुद्र ओलांडून आले होते, मान्ना खात होते, खडकातले पाणी पीत होते. आज्ञा त्यानंतर मिळाल्या. मिसरात विटा थापणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते की या दहा गोष्टी पाळा म्हणजे तुमची सुटका करतो. सुटका फुकट झाली. आज्ञा सुटलेल्या लोकांना दिल्या, कारण चार पिढ्या गुलामीत काढलेल्यांना मोकळ्या माणसासारखे जगायचे कसे हे ठाऊक नव्हते. फारोच्या राज्यात सुट्टी नव्हती, मजुराला किंमत नव्हती, मूल कोणाचे आणि बायको कोणाची याचाही भरवसा नव्हता. दहा आज्ञा वाचताना हे मनात ठेवले की प्रत्येक आज्ञा फारोच्या राज्याविरुद्ध उभी असल्याचे दिसते.

ख्रिस्ती माणसाचेही असेच आहे. तारण ख्रिस्ताच्या वधस्तंभावर झाले, ते कोणत्याही आज्ञापालनाने विकत घेता येत नाही. पौलाने गलतीकरांना किती पोटतिडकीने हे लिहिले! पण तोच पौल रोमकरांस लिहिताना सहाव्या अध्यायात विचारतो की कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, आणि स्वतःच ते झटकून टाकतो. तेराव्या अध्यायात तर तो व्यभिचार, खून, चोरी आणि लोभ यांविषयीच्या आज्ञा नावानिशी घेतो आणि प्रीती त्या सगळ्या पुऱ्या करते असे सांगतो. प्रीतीने आज्ञा रद्द होतात असे तो कुठेही म्हणत नाही. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि मंदिरातले बळी यांचा निकाल यरुशलेमच्या सभेत आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लागला आहे. तो निकाल खुनाला आणि खोट्या साक्षीला लावता येत नाही, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही.

आपल्याकडे एक वाक्य फार सहज वापरले जाते, की आपण आता नियमशास्त्राच्या जोखडाखाली नाही. वाक्य खरे आहे. पण ते कधी बोलले जाते ते पाहावे. उधारी बुडवताना, भावाचा वाटा दाबताना, पत्नीवर हात उगारल्यावर कोणी जाब विचारला तर ते तोंडावर येते. लूथरच्या काळात योहान अग्रिकोला नावाच्या त्याच्याच सहकाऱ्याने असा पक्ष घेतला होता की विश्वासणाऱ्याला नियमशास्त्र शिकवण्याची गरज नाही. कृपेचा एवढा मोठा उपदेशक असलेला लूथर त्याच्याविरुद्ध उभा राहिला. १५२९ मधल्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीची सुरुवातच दहा आज्ञांनी होते. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी याहून सुंदर जागा निवडते. तिचे तीन भाग आहेत : माणसाचे दुःख, माणसाची सुटका आणि माणसाची कृतज्ञता. दहा आज्ञांचे सविस्तर विवरण तिसऱ्या भागात येते. या पुस्तिकेनेही तीच जागा धरली आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शिकायला युरोपात जावे लागत नाही. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत होते. एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती शास्त्र दिले. ते वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळले. त्या तीन अध्यायांपासून त्यांना स्वतःला सोडवून घेता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डोंगरावरील प्रवचनात काय आहे? चमत्कार नाही, वधस्तंभाची कथाही अजून आलेली नाही. तिथे आज्ञा आहेत, आणि त्या आणखी कडक केलेल्या आहेत. खून करू नको यावर येशू थांबत नाही, रागाच्या मुळापर्यंत जातो. व्यभिचारावरून नजरेपर्यंत येतो, शपथेवरून साध्या होय-नाहीपर्यंत येतो. वेदान्तात वाढलेला एक मराठी कवी ख्रिस्ताकडे आज्ञांच्या वाटेने आला, ही गोष्ट आज्ञांना ओझे समजणाऱ्यांनी विसरू नये. आज्ञा देणाऱ्याचे मन त्या आज्ञांतून दिसते, आणि टिळकांना ते दिसले.

पंडिता रमाबाईंची वाट उलटी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही कबुली मला मराठी ख्रिस्ती वाङ्मयातली सर्वांत मोलाची वाटते. नियम, पंथ, उपासनेच्या रीती हे सगळे हाती असूनही तारणारा हाती नसू शकतो. आज्ञापालनाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा इशारा उशाशी ठेवावा.

आणि तारणारा सापडल्यावर रमाबाईंनी काय केले? १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालेलेच होते, ते पुढे पुण्यात आले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन परतल्या. लहानपणी दुष्काळातच त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी पाहिलेले होते. केडगावला ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली. तिथे शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले आणि सरकारची नाराजी पत्करली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण बोलताना जीभ आवरण्यापुरती घेतो. शेजाऱ्यावर अन्याय होत असताना खरी साक्ष देणे हाही तिचाच भाग आहे, हे रमाबाईंनी करून दाखवले.

त्यांच्याविषयी आणखी एक सांगायला हवे. इंग्लंडात असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चर्चचे वडीलधारे त्यांना वारंवार आज्ञाधारक होण्यास सांगत होते. रमाबाईंनी पत्रांतून सरळ उत्तर दिले की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा माणसाच्या हाती देणार नाही. देवाच्या वचनात जे दिसेल ते मी मानीन. त्यांच्यावर हट्टीपणाचा ठपका आला. पण मला यात हट्ट दिसत नाही. देवाच्या आज्ञेला ज्याची मान झुकलेली असते, त्याची मान माणसांच्या हुकमापुढे सहजी झुकत नाही. याच्या उलटही घडते, आणि आपल्या मंडळ्यांत तेच घडते आहे.

काही मंडळ्यांत बांगड्या घालाव्यात की नाही, केसांत फूल माळावे की नाही, गळ्यातले काढावे की नाही, यावर मोठा काटेकोरपणा असतो. नव्याने आलेल्या बाईला हे नियम पहिल्या महिन्यात कळतात. त्याच मंडळीत कापूस वेचणीची मजुरी पंधरा-पंधरा दिवस थकवणारा गृहस्थ पुढच्या रांगेत बसतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने परुश्यांना नेमके हेच सुनावले : माणसांचे संप्रदाय धरून ठेवण्यासाठी तुम्ही देवाची आज्ञा बाजूला सारता. त्याने दिलेले उदाहरणही मनाला लागणारे आहे. आईबापांच्या उपयोगी पडेल असे धन कर्बान म्हणून देवाला अर्पण केले असे सांगायचे आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचे. आज मुले हैदराबादला, नागपूरला, पुण्याला आहेत. दशमांश वेळेवर पोचतो, आणि गावातली आई औषधाच्या गोळ्या एका दिवसाआड घेते. पाचव्या आज्ञेच्या प्रकरणात हे स्पष्ट लिहिले आहे. वाचताना कोणाला बोचले तर बोचू द्यावे.

वेचणीचा विषय निघालाच आहे. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते, बाया किलोवर मजुरीने कापूस वेचतात, गाड्या जिनिंगकडे आणि मार्केट यार्डाकडे लागतात. या मोसमात आठव्या आज्ञेची परीक्षा रोज होते. काटा मारणारा व्यापारी असतो, ओलाव्याच्या नावाखाली वाजवीपेक्षा जास्त कापून घेणारा असतो. वजन वाढावे म्हणून गाडी भरण्याआधी कापसावर पाणी शिंपडणारा शेतकरीही असतो. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत मोठे आणि लहान अशी दोन वजने पिशवीत ठेवू नयेत असे बजावले आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे राहू देऊ नये, सूर्य मावळण्याआधी ती द्यावी, मग तो मजूर आपल्यातला असो की परका, हेही तिथेच आहे. नव्या करारात याकोब तीच गोष्ट उचलतो : शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. जुना करार संपला म्हणून ही ओरड थांबली, असे कोणाला म्हणता येईल? बांध कोरण्याविषयीही शास्त्र गप्प नाही. शेजाऱ्याची मेर सरकवू नये असे अनुवादात थेट लिहिले आहे. आमच्या भागात कोर्टात पडलेल्या कित्येक भावबंदांच्या भांडणांचे मूळ एका नांगराच्या तासात असते.

चौथ्या आज्ञेपाशी या पुस्तिकेत जास्त पाने गेली आहेत, आणि ती जाणूनबुजून दिली आहेत. विसाव्याच्या दिवसाचे कारण निर्गमात एक दिले आहे आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात दुसरे. निर्गम म्हणते की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद म्हणते की तू मिसरात दास होतास हे आठव. म्हणून तुझा चाकर आणि तुझी चाकरीण यांनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळू दे. तिथे बैलाचे नाव आहे, गाढवाचेही आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. देवाने तो मान दर आठवड्याला द्यायला सांगितला, आणि बैलाबरोबर राबणाऱ्या माणसालाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात या आज्ञेला एक विलक्षण जोड आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही त्यांनी मांडले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. मात्र त्या काळी गिरण्यांत भांडवल घातलेल्यांमध्ये रविवारी उपासनेला जाणारे युरोपीय होते, आणि त्यांच्या गिरणीतल्या मजुराला तो दिवस मिळत नव्हता. स्वतः देवळात बसून दुसऱ्याला राबवणे ही चौथी आज्ञा मोडण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. आपण रविवारी उपासनेला जातो तेव्हा आपल्या शेतात, आपल्या दुकानात, आपल्या स्वयंपाकघरात कोण राबते आहे, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा. बऱ्याच घरांत उत्तर एकच येईल : घरची बाई.

देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आपण शिवीगाळीपुरती ठेवली आहे. पण प्रभूने मला सांगितले आहे असे म्हणून कोणाचे लग्न ठरवणे, कोणाचे औषध बंद करायला लावणे, कोणाकडून जमिनीचे दान घेणे हे या आज्ञेचे सर्वांत गंभीर उल्लंघन आहे. गरीब माणूस देवाच्या नावावर विश्वास ठेवून सगळे हवाली करतो, म्हणून त्या नावाने फसवणाऱ्याला दोष दुप्पट लागतो. दहाव्या आज्ञेखाली हुंड्याचा विचार केला आहे. ख्रिस्ती घरांत हुंडा नाही असे आपण बाहेर सांगतो. मोटारसायकल, सोने आणि हॉलचे भाडे यांची बोलणी मात्र प्रार्थनेने सुरू होतात आणि प्रार्थनेने संपतात. शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये, आणि होणारा व्याही हाही शेजारीच आहे.

जातीविषयी दहा आज्ञांत वेगळी आज्ञा नाही, आणि काही जण त्याचा आधार घेतात. पण शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. येशूने ती उचलून देवावरील प्रीतीच्या आज्ञेशेजारी ठेवली. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्याआधीच एके दिवशी त्या या प्रश्नाशी एकट्या झुंजल्या की जात देवाने केली की माणसाने, आणि माणसाने केली हे पटताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करून मोकळ्या झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मधला तो प्रसंग ज्यांनी वाचला नाही त्यांनी जरूर वाचावा. जुन्या निजामी मुलखात, जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते, आणि त्यांनी आयुष्य घातले ते मुख्यतः मांग समाजातल्या माणसांमध्ये. आपल्या मंडळ्यांत अजूनही सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. हे आज्ञाभंगच आहे, त्याला दुसरे नाव देऊ नये.

वाचकाला दोन व्यावहारिक सूचना. आज्ञांचा क्रम कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत थोडा वेगळा आहे. कॅथलिक मंडळी मूर्तीविषयीचे वचन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाविषयीच्या आज्ञेच्या दोन करतात. आदिलाबाद जिल्ह्यात दोन्ही परंपरांची घरे आहेत; चांदा धर्मप्रांतातून वेगळा होऊन १९९९ मध्ये आदिलाबादचा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला, त्याचीही घरे आहेत. इथे प्रोटेस्टंट क्रम धरला आहे, पण मजकूर एकच असल्याने कोणाची अडचण होऊ नये. दुसरी सूचना अशी की ही प्रकरणे एका बैठकीत वाचू नयेत. मराठी मुलखात ख्रिस्ताचा संदेश नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले, आणि त्यांचीच कोकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. चारशे वर्षे आपण आज्ञा ऐकतो आहोत. त्या पाळायला आता दहा आठवडे तरी द्यावेत.

आठवड्याला एक आज्ञा घ्या. घरातल्या सर्वांनी मिळून निर्गमाचा विसावा अध्याय सुरुवातीच्या ओळीसकट वाचा, म्हणजे सुटका आधी आणि आज्ञा नंतर हे विसरायला होणार नाही. मग त्या आठवड्यात त्या आज्ञेने मागितलेली एक गोष्ट करा. आईला फोन करा. बांध पूर्वी जिथे होता तिथे नेऊन ठेवा. हुंड्याची बोलणी चालू असतील तर मोडा. आणि वेचणीच्या बायांची मजुरी थकली असेल, तर ती येत्या रविवारच्या उपासनेआधी देऊन या.